शामक विषबाधेवरील उत्तेजक उतारे : एका तुलनात्मक संशोधनपरंपरेची चिकित्सा

प्रस्तावना

विष 'चढते' आणि ते 'उतरवावे' लागते, अशी मराठी भाषेची धारणा आहे. विषावरील औषधाला आपण 'उतारा' म्हणतो, तो याच धारणेतून. या शब्दातच एक गृहीतक दडलेले आहे. शरीरात जे वर गेले त्याला खाली ओढणारे, किंवा जे खाली गेले त्याला वर आणणारे काहीतरी बाहेरून दिले म्हणजे रोगी पूर्वस्थितीला येतो, असे ते गृहीतक होय. काट्याने काटा काढावा, हे लोकव्यवहारातील सूत्र याच जातीचे. औषधशास्त्राच्या आधुनिक इतिहासात हे सूत्र ज्या एका प्रश्नावर सर्वाधिक कसोशीने राबवले गेले, तो प्रश्न म्हणजे बार्बिच्युरेट वर्गातील झोपेच्या औषधांची विषबाधा आणि तिच्यावरील उत्तेजक उतारे.

१९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत पिक्रोटॉक्सिन, मेट्राझोल, कोरामीन, स्ट्रिक्नीन, कॅफीन, बेन्झेड्रीन आणि सरतेशेवटी बेमेग्राइड अशा अनेक उत्तेजकांची या विषबाधेवर परीक्षा झाली. त्यांची परस्परांशी तुलना झाली. कोणते श्रेष्ठ याविषयी वाद झाले. हा वाद पुढे कोणत्याही औषधाच्या विजयाने मिटला नाही. प्रश्नच बाद ठरला म्हणून तो मिटला. प्रस्तुत लेखात या तुलनात्मक संशोधनाची मांडणी, त्याचे निकष आणि त्याच्या पराभवाचे स्वरूप यांची चिकित्सा केली आहे. औषधांच्या गुणावगुणांची यादी देणे हा लेखाचा हेतू नाही. तुलना कशाशी केली आणि कशाशी केली नाही, हा येथील मुख्य मुद्दा आहे.

समरूपतेची कल्पना

दोन विषे परस्परविरोधी असतील तर प्रत्येक दुसऱ्याचा उतारा ठरेल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील. १८६९ मध्ये ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट हे निद्राकारक वैद्यकात आणले आणि लवकरच त्याच्या अतिमात्रेने मृत्यू होऊ लागले. तेव्हा त्याच्या विरोधी कोण, याचा शोध सुरू झाला. वेकफिल्ड येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख जेम्स क्रायटन-ब्राउन यांनी १८७५ साली पिक्रोटॉक्सिन आणि क्लोरल यांच्यातील परस्परविरोध प्राण्यांवर तपासला. त्याच सुमारास ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने जॉन ह्यूज बेनेट यांच्या नेतृत्वाखाली 'औषधांचा परस्परविरोध' या विषयावर समिती नेमली होती.

या समितीच्या कामातील एक निरीक्षण आज वाचताना थबकायला लावते. स्ट्रिक्नीनची मारक मात्रा दिलेल्या प्राण्याला क्लोरलने वाचवता येण्याची शक्यता बरीच होती. क्लोरलच्या मारक मात्रेनंतर स्ट्रिक्नीनने वाचवण्याची शक्यता मात्र त्या मानाने कमी आढळली. म्हणजे विरोध होता, पण तो दुहेरी नव्हता. ज्या प्राण्याचे मज्जातंतू अति चेतले आहेत त्याला शांत करता येते. जो निपचित पडला आहे त्याला चेतवणे तितके सोपे नसते. ही विषमता १८७५ च्या सुमारासच नोंदली गेली होती. पुढील ऐंशी वर्षांतील प्रयत्नांची मर्यादा तिच्यातच सांगितलेली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु विसाव्या शतकातील संशोधनाने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. या परंपरेतील दोन प्रमुख उत्तेजकांची मुळे भारतीय रानांत आहेत. पिक्रोटॉक्सिन हे काकमारीच्या बियांतून मिळते. ते १८१२ साली फ्रान्समध्ये बूले यांनी वेगळे केले. स्ट्रिक्नीन हे काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, वर्गातील वनस्पतींतील द्रव्य; ते १८१८ मध्ये पेलेतिए आणि कावाँतू यांनी वेगळे केले. काकमारीचा उपयोग पाण्यात टाकून मासे गुंगवण्यासाठी होत आलेला आहे. मासे मारणारे हे फळ पुढे माणसे जगवण्यासाठी इंजेक्शनच्या कुपीत गेले. 'विषस्य विषमौषधम्' या वचनाचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

सशांवरील तुलना आणि तिचे निकष

बार्बिटाल हे पहिले बार्बिच्युरेट औषध १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी पुढे आणले. 'व्हेरोनाल' या नावाने ते विकले गेले. १९१२ मध्ये फिनोबार्बिटाल म्हणजे 'ल्युमिनाल' आले. १९३० च्या आसपास पेंटोबार्बिटाल आणि सेकोबार्बिटाल ही अल्पकाळ टिकणारी व अधिक वेगाने काम करणारी औषधे आली. झोपेची गोळी ही घरोघरची वस्तू झाली, आणि तिच्या अतिमात्रेने बेशुद्ध झालेला रोगी हा प्रत्येक मोठ्या शहरातील रुग्णालयाचा नेहमीचा प्रश्न झाला.

१९३१ साली ए. एच. मलोनी, फिच आणि ए. एल. टेटम यांचा पिक्रोटॉक्सिनविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मलोनी हे त्रिनिदादमध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय वैद्य. पुढे त्यांनी वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात औषधशास्त्राचे अध्यापन केले. अल्पकाळ टिकणाऱ्या बार्बिच्युरेटची मारक मात्रा दिलेले प्राणी पिक्रोटॉक्सिनने वाचू शकतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो प्रयोगापुरता खरा होता आणि पुढे अनेकांनी त्याला दुजोरा दिला. यानंतरच्या दशकात तुलनात्मक अभ्यासांची रीघ लागली. पिक्रोटॉक्सिन, मेट्राझोल आणि कोरामीन यांना शेजारीशेजारी ठेवून कोणते किती मारक मात्रांपर्यंत प्राणी वाचवते, हे मोजले गेले. सर्वसाधारणपणे पिक्रोटॉक्सिन सर्वांत प्रभावी, मेट्राझोल त्याखालोखाल आणि कोरामीन दुबळे, असा क्रम लागला. फ्रान्समधील काही वैद्य मात्र स्ट्रिक्नीनच्या मोठ्या मात्रांचा आग्रह धरून होते.

या अभ्यासांतील आकडे बारकाईने घेतलेले आहेत. दोष मोजणीत नाही, मांडणीत आहे. पहिला मुद्दा निकषाचा. 'उतारा लागू पडला' हे कशावरून ठरवायचे? काही अभ्यासांत प्राणी उठून बसण्याची वेळ मोजली, काहींत तो जगला की नाही हे. हे दोन निकष एकच नव्हेत. ज्या औषधाने प्राणी अर्धा तास आधी उठतो, त्या औषधाने तो जगतोच असे नाही. आणि जो बारा तास झोपून राहतो तो मरतोच असेही नाही. तरीही वैद्यकीय व्यवहारात 'शुद्धीवर आणणे' आणि 'वाचवणे' हे शब्द अदलाबदलीने वापरले गेले. बेशुद्ध माणसाच्या उशाशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना, आणि खरे तर वैद्यालाही, डोळे उघडणे हेच जगण्याचे चिन्ह वाटते. त्यामुळे ही अदलाबदल कुणाला खटकली नाही.

दुसरा मुद्दा मात्रेच्या निर्णयाचा. पिक्रोटॉक्सिन शिरेतून दिले तरी त्याचा परिणाम दिसायला काही मिनिटे जातात. ही दिरंगाई धोक्याची होती. पहिली मात्रा लागू पडली नाही असे समजून दुसरी दिली जाई आणि दोन्हींचा परिणाम एकदम प्रकट होई. पुढे मात्रा किती द्यायची याची खूण म्हणून स्नायूंचे फुरफुरणे किंवा प्रतिक्षिप्त क्रिया परत येणे हे मानले गेले. म्हणजे उताऱ्याच्या यशाचे मोजमाप उताऱ्याच्याच विषबाधेच्या पहिल्या लक्षणावर अवलंबून राहिले. आचके आणणारी मात्रा आणि गुणकारी मात्रा यांत इतके थोडे अंतर असलेले औषध दुसऱ्या कोणत्याही रोगासाठी सहजासहजी स्वीकारले गेले असते, असे वाटत नाही. मेट्राझोलचा तर १९३० च्या दशकात मेडुना यांच्या पद्धतीने मनोरुग्णांमध्ये मुद्दाम आचके आणण्यासाठी उपयोग होत होता. एकाच कुपीतील द्रव एका कक्षात आचके यावेत म्हणून आणि दुसऱ्या कक्षात आचके न येता शुद्ध यावी म्हणून टोचला जात होता.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. या प्रयोगांत नियंत्रण गट कोणता होता? बार्बिच्युरेट दिलेला, पण कोणतेही औषध न दिलेला प्राणी. त्या प्राण्याचा श्वासमार्ग मोकळा ठेवला जात होता, त्याला कुशीवर वळवले जात होते, ऊब दिली जात होती, असे नव्हे. म्हणजे तुलना 'औषध विरुद्ध दुर्लक्ष' अशी होती. दुर्लक्षापेक्षा औषध बरे, हे तिने सिद्ध केले. औषध आणि काळजी यांपैकी काय बरे, हा प्रश्न या मांडणीत विचारलाच जाऊ शकत नव्हता. तुलनेत उत्तेजकांच्या जागा बदलत राहिल्या. समोरची रिकामी जागा तशीच राहिली.

चौथी गोष्ट प्राणी आणि रोगी यांतील अंतराची. प्रयोगशाळेतील ससा निरोगी असतो. त्याला दिलेली मात्रा ठाऊक असते. उतारा मिनिटांत मिळतो आणि निकाल तासांत लागतो. रुग्णालयात येणारा माणूस कित्येक तास कुठेतरी पडलेला असतो. त्याने किती गोळ्या घेतल्या हे सांगायला कुणी नसते. ओकारी फुप्फुसात गेलेली असते, अंग थंड पडलेले असते, रक्तदाब खालावलेला असतो. त्याच्या मृत्यूचे कारण पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा न्यूमोनिया असे. या न्यूमोनियावर पिक्रोटॉक्सिनचा काय इलाज? उलट आचक्यांमुळे प्राणवायूची गरज वाढते, ओकारीची शक्यता वाढते, आणि आचके ओसरल्यावर मेंदू पूर्वीपेक्षा अधिक मंदावतो. फिनोबार्बिटालसारखे औषध शरीरात कित्येक दिवस रेंगाळते, तर उत्तेजकाचा परिणाम काही तासांतच संपतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा टोचण्याखेरीज मार्ग नसे.

त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत एकेका रोग्याच्या हकिकती मोठ्या संख्येने आढळतात. प्रचंड मात्रेत उत्तेजक देऊन वाचलेला रोगी हा त्यांचा नायक. अशा हकिकतींत रोग्याच्या शेजारी दोन-तीन रात्री बसून त्याचा घसा साफ करणाऱ्या परिचारिकेचा उल्लेख असला तर एखाद्या वाक्यात असतो. रोगी जगला तर श्रेय औषधाला आणि मेला तर दोष विषाला, अशी वाटणी ठरून गेलेली होती. या वाटणीत औषधाला हरण्याची सोयच नव्हती.

मेलबर्नचे बेमेग्राइड

१९५४ साली मेलबर्न विद्यापीठातील एफ. एच. शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेमेग्राइड या नव्या द्रव्याची घोषणा 'नेचर'मध्ये केली. पुढच्या वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याच्या रुग्णोपचाराचा वृत्तांत आला. 'मेगिमाइड' या नावाने, ॲमिफेनाझोल या दुसऱ्या उत्तेजकाच्या जोडीने, ते वापरले जाऊ लागले. त्याची रासायनिक रचना बार्बिच्युरेटशी काहीशी मिळतीजुळती असल्याने ते बार्बिच्युरेटला त्याच्या जागेवरून हटवत असावे, अशी आशा निर्माण झाली. साधा उत्तेजक नव्हे, तर खरा प्रतिस्पर्धी सापडला, असे वाटू लागले.

या गटाच्या मांडणीत एक सूक्ष्म पण स्तुत्य बदल होता. रोग्याला पूर्ण जागे करण्याचा हट्ट त्यांनी सोडला आणि प्रतिक्षिप्त क्रिया परत येऊन श्वसन सुधारेल अशा 'सुरक्षित स्थिती'पर्यंत आणणे एवढेच उद्दिष्ट ठेवले. निकष बदलला, नियंत्रण गटाची उणीव मात्र कायम राहिली. बेमेग्राइड हे विशिष्ट प्रतिस्पर्धी नसून पिक्रोटॉक्सिन-मेट्राझोलच्याच कुळातील उत्तेजक आहे, हे पुढे स्पष्ट झाले. आचके त्यानेही येत.

कोपनहेगन : प्रश्न बदलणे

मेलबर्नची घोषणा होण्यापूर्वीच उत्तर युरोपात या साऱ्या परंपरेला छेद गेलेला होता. १९४९ साली कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात विषबाधेच्या रोग्यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. त्याचे सूत्रधार कार्ल क्लेमेसेन हे मनोविकारतज्ज्ञ होते. स्वीडनमधील भूलतज्ज्ञ एरिक निल्सन यांनी १९५१ च्या आपल्या प्रबंधात याच उपचाराची तर्कसंगत मांडणी केली. उत्तेजक औषधे पूर्णपणे वर्ज्य करायची आणि बेशुद्ध रोग्याला भूल दिलेल्या रोग्यासारखे सांभाळायचे, हे तिचे सार. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, आवश्यक तर श्वासनलिकेत नळी घालणे, प्राणवायू, स्राव शोषून काढणे, ठरावीक वेळाने कूस बदलणे, रक्तदाब सावरणे, प्रतिजैविके, आणि वाट पाहणे. ही पद्धत पुढे 'स्कॅन्डिनेव्हियन पद्धत' म्हणून ओळखली गेली. १९६१ मध्ये क्लेमेसेन आणि निल्सन यांनी तिचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे पंचमांशावरून शेकडा १ ते २ इतके खाली आल्याचे त्यांनी दाखवले.

भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने यात नवल नव्हते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोगी रोजच खोल बेशुद्धीत जातात. तेथे त्यांना जागे करण्यासाठी कुणी काकमारी टोचत नाही. भूल उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला की भूल आपोआप उतरते. बेशुद्धी हा शत्रू नव्हे. श्वास थांबणे हा शत्रू आहे. विषबाधेचा रोगी म्हणजे लांबलेल्या भुलेचा रोगी, हे एका शाखेला स्वाभाविक वाटणारे सत्य दुसऱ्या शाखेत पोहोचायला वीस वर्षे लागली. ज्ञानशाखांच्या भिंतींविषयी बहुविद्याशाखीय चर्चांत बरेच बोलले जाते. येथे त्या भिंतीची किंमत माणसांच्या जिवांत मोजता येते.

असे असले तरी स्कॅन्डिनेव्हियन पुराव्याकडेही चिकित्सक दृष्टीनेच पाहिले पाहिजे. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी तो जितक्या सहज स्वीकारला, तितका तो निर्दोष नाही. तुलना जुन्या काळातील रोग्यांशी होती. यादृच्छिक वाटणीची चाचणी झालेली नव्हती. दरम्यानच्या काळात पेनिसिलीन आले, भूलशास्त्र प्रगत झाले. स्वतंत्र केंद्र उघडले की सौम्य बाधेचे रोगीही तेथे येऊ लागतात आणि मृत्युदराचा भाजक वाढतो. शिवाय दोन बदल एकाच वेळी झाले : उत्तेजक बंद झाले आणि शुश्रूषा वाढली. मृत्यू घटले ते पहिल्यामुळे की दुसऱ्यामुळे, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. म्हणून काटेकोरपणे सिद्ध झाले ते एवढेच की, अत्यल्प मृत्युदरासाठी उत्तेजकांची गरज नाही. उत्तेजकांनी नेमके किती रोगी दगावले, हे सिद्ध झाले नाही. 'उत्तेजक हेच मृत्यूचे कारण होते' अशी नंतर रूढ झालेली विधाने पुराव्याच्या पुढे धावतात. अर्थात जे औषध अनावश्यक आहे आणि ज्याचा धोका उघड आहे, त्याच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही, हेही खरे.

उत्तेजकांच्या बाजूने शेवटपर्यंत केला जाणारा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे. जेथे भूलतज्ज्ञ नाही, श्वसनयंत्र नाही, तेथे काय करायचे? कोपनहेगनला जे शक्य ते लहान गावातील दवाखान्याला शक्य नाही. तेथे एक कुपी तरी हाताशी असावी. हा युक्तिवाद भारतीय परिस्थितीला लागू पडणारा वाटतो. कोरामीन हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. ग्रामीण डॉक्टरच्या पेटीतील अखेरचे इंजेक्शन म्हणून ते कित्येक दशके ओळखीचे होते. मरू घातलेल्या संस्थेला वा चळवळीला 'कोरामीन देणे' असा लाक्षणिक प्रयोगही होत असे. प्रयोगशाळेतील तुलनेत जे सर्वांत दुबळे ठरले होते, तेच सर्वांत दीर्घकाळ वापरात राहिले. बहुधा ते दुबळे असल्यामुळेच त्याचा उपद्रवही कमी दिसला असावा.

परंतु या युक्तिवादाला इतिहासानेच एक उत्तर देऊन ठेवले आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्येच पोलिओची मोठी साथ आली. तेथील ब्लेगदाम रुग्णालयात श्वसनयंत्रे अवघी सात होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेऊन, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला आणि ती वाचली. पुढील महिन्यांत सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रोग्यांना हाताने श्वास दिला. साधनसंपन्न समजल्या जाणाऱ्या त्या शहरात त्या वेळी यंत्रे नव्हती; माणसे होती. बार्बिच्युरेटच्या रोग्यासाठीही स्कॅन्डिनेव्हियन पद्धतीला मुख्यतः लागले ते हात आणि जागरण. तेव्हा कुपी स्वस्त आणि शुश्रूषा महाग, हे समीकरण केवळ यंत्रांच्या किमतीवरून मांडता येत नाही. परिचारिकेच्या वेळेची किंमत कोण मोजणार, असा तो प्रश्न आहे. लहान दवाखान्यात तो आजही सुटलेला नाही, हे मान्य करावे लागेल. त्याचे उत्तर मात्र कुपीत नव्हते.

भारतात १९८३ साली बंदी घातलेल्या औषधमिश्रणांच्या यादीत स्ट्रिक्नीन आणि कॅफीन असलेल्या टॉनिकांचा समावेश झाला. उतारा म्हणून बाद झालेली ही उत्तेजके शक्तिवर्धक म्हणून तोवर बाटलीत टिकून होती.

यंत्रणा खरी, उपचार चुकीचा

या प्रकरणातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग नंतर उलगडला. १९७० च्या दशकापासून मेंदूतील गाबा या शामक संदेशवाहकाच्या ग्राहकांचा अभ्यास पुढे गेला. गाबा-अ या ग्राहकातील क्लोराइडची वाट बार्बिच्युरेट अधिक काळ उघडी ठेवतात आणि पिक्रोटॉक्सिन तीच वाट अडवते, हे ध्यानात आले. मेट्राझोल आणि बेमेग्राइड हेही त्याच ठिकाणी काम करतात. म्हणजे मलोनी आणि टेटम यांना सशांत दिसलेला विरोध निव्वळ योगायोग नव्हता. एकाच दारावर दोन विषांची झटापट चालली होती. स्ट्रिक्नीनचे दार वेगळे. ते ग्लायसीनच्या ग्राहकाला अडवते. त्यामुळे तिघांच्या तुलनेत पिक्रोटॉक्सिन वरचढ ठरले, यालाही आज काही अर्थ देता येतो.

तरीही उपचार म्हणून ते टिकले नाही. कारण ते दार मेंदूत सर्वत्र आहे. श्वसनकेंद्रापुरते ते अडवता येत नाही, आणि श्वसन पुरेसे सावरण्याआधीच इतरत्र आचक्यांचा उंबरठा ओलांडला जाऊ शकतो. औषधशास्त्राच्या अध्यापनात यंत्रणा कळली की उपचार कळला, असा एक सोपा समज असतो. येथे यंत्रणा कळली तेव्हा उपचार सोडून वीस वर्षे होऊन गेली होती. आणि उपचार सोडला गेला तो यंत्रणा चुकीची होती म्हणून नव्हे.

नव्या उताऱ्यांची जुनी कसोटी

बार्बिच्युरेटची जागा पुढे बेन्झोडायझेपीन औषधांनी घेतली. त्यांच्यासाठी मात्र खरा विशिष्ट प्रतिस्पर्धी सापडला. फ्लुमाझेनिलचे पहिले वृत्तांत १९८१ मध्ये आले आणि अमेरिकेत १९९१ साली त्याला मान्यता मिळाली. ते उत्तेजक नाही. बेन्झोडायझेपीनच्या जागी जाऊन बसते आणि रोगी काही मिनिटांत डोळे उघडतो. मेलबर्नच्या संशोधकांना जे हवे होते, ते हेच. पण अनुभव काय? फ्लुमाझेनिलचा परिणाम लवकर ओसरतो आणि रोगी पुन्हा झोपेत जाऊ शकतो. नेहमी बेन्झोडायझेपीन घेणाऱ्यांत, किंवा सोबत नैराश्यावरील जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या घेतलेल्यांत, आचके येण्याचा धोका असतो. २०१६ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी यादृच्छिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बनावट औषधाच्या तुलनेत फ्लुमाझेनिलच्या गटात प्रतिकूल परिणाम अधिक आढळले. निव्वळ बेन्झोडायझेपीनने, श्वास सांभाळला असता, मृत्यू क्वचितच होतो. मग जागे करून मिळवायचे काय, हा निकषाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत नॅलॉक्सोनने याचे वेगळे उत्तर दिले आहे, कारण तेथे श्वास थांबतो तो मिनिटांत, रुग्णालयाबाहेर, आणि नॅलॉक्सोन तो परत आणते. म्हणजे उतारा ही कल्पनाच फोल, असेही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील रुग्णालयांना विषबाधेचा जो मोठा प्रश्न भेडसावतो तो झोपेच्या गोळ्यांचा नसून कीटकनाशकांचा आहे. ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेत ॲट्रोपीनच्या जोडीला प्रालिडॉक्सिम द्यावे काय, या प्रश्नाची मांडणी वरील चर्चेच्या प्रकाशात पाहण्यासारखी आहे. बारामती येथे २०० रोग्यांवर झालेली यादृच्छिक चाचणी २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. प्रालिडॉक्सिम सलग आणि मोठ्या मात्रेत दिल्यास ते अधूनमधून देण्यापेक्षा बरे, असे तीत आढळले. श्रीलंकेतील २३५ रोग्यांवरील चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रालिडॉक्सिमची तुलना बनावट औषधाशी होती, आणि फायदा आढळला नाही. उलट मृत्यू संख्येने अधिक होते, जरी तो फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. पहिल्या चाचणीतील दोन्ही गटांना औषध मिळत होते. दुसरीत एका गटाला केवळ ॲट्रोपीन आणि शुश्रूषा मिळत होती. बारामतीचे रोगी मध्यम तीव्रतेचे होते आणि त्यांना अतिदक्षता उपचार लवकर मिळाले होते. दोन्ही निष्कर्ष एकमेकांविरुद्ध म्हणून उद्धृत केले जातात, पण त्यांनी विचारलेले प्रश्न एक नाहीत. एकाने मात्रेची मात्रेशी तुलना केली. दुसऱ्याने ती रिकामी जागा भरली.